परक्याचे दान आणि आपली वही



पूर्वी गावात विहीर खणावयाची किंवा धर्मशाळा उभारावयाची म्हटली म्हणजे देणारा व घेणारा हे दोघेही एकाच वेशीच्या आत नांदत असत. विहिरीचा काठ ढासळला तर तो प्रथम देणाऱ्याच्याच नजरेस पडे, आणि पैशाची अफरातफर झाली तर करणाऱ्यास गावात तोंड दाखविण्यास जागा उरत नसे. आज कित्येक संस्थांना जे साहाय्य मिळते ते समुद्रापलीकडून येते. देणाऱ्याने आपले गाव पाहिलेले नसते, आपली भाषा त्यास अवगत नसते, व आपल्याविषयी चार शब्द सांगणारे मधले माणूसही नसते. त्याच्यापुढे प्रथम जातो तो आपला अर्ज. हा अर्ज कसा करावा ह्याविषयी मी आज बोलणार आहे. आणि सांगणार आहे त्यातील बहुतेक गोष्टी मी ठेचा खाऊनच शिकलो आहे.

आरंभी हे साहाय्य कोणते ते सांगतो. निरनिराळ्या राष्ट्रांच्या वकिलातींकडे लहान लोकोपयोगी कामांसाठी काही निधी राखून ठेवलेला असतो. जपानने अशी योजना १९८९ साली सुरू केली. तीत एका कामास अनेक वर्षे साधारणतः एक कोटी येनपर्यंत मदत मिळत असे. एक कोटी येन म्हणजे एक कोटी रुपये नव्हेत. रुपयांत ही रक्कम त्याहून बरीच कमी भरते. शाळेच्या खोल्या, दवाखान्याची उपकरणे, पिण्याच्या पाण्याची सोय, अशी कामे तीत बसतात; संस्थेचे पगार व रोजचा खर्च मात्र बसत नाही. कॅनडा व ऑस्ट्रेलिया ह्या राष्ट्रांच्या वकिलातींमार्फतही असे लहान निधी दिले जातात. प्रत्येकाचे नियम निराळे, मुदत निराळी. म्हणून त्या त्या वर्षीची सूचना स्वतः वाचल्याखेरीज लेखणी उचलू नये.

आता आमच्या संस्थेची हकीकत ऐका. तालुक्याच्या गावी आम्ही मुलींचे एक वसतिगृह चालवितो. मुली वाढल्या, पण न्हाणीघरे व शौचालये होती तेवढीच राहिली. परकीय देणगी घेण्यास लागणारी नोंदणी संस्थेपाशी पूर्वीपासून होती. तेव्हा आम्ही एका वकिलातीकडे अर्ज केला. अर्ज मीच लिहिला होता. त्यात स्त्रीशिक्षणाचे महत्त्व, ग्रामीण समाजाची अवनती व आमच्या संस्थापकांचा त्याग ह्यांचे वर्णन बारा पृष्ठे भरून केले होते. उत्तर आले ते अर्ध्या पृष्ठाचे. त्यात तीनच प्रश्न होते. जमीन कोणाच्या नावे आहे? पाणी कोठून येणार? आणि इमारत उभी राहिल्यावर तिची झाडलोट व दुरुस्ती कोण व कोणत्या पैशाने करणार?

ह्यांतील एकाही प्रश्नाचे धड उत्तर आमच्यापाशी नव्हते. जमीन एका सद्गृहस्थांनी चाळीस वर्षांपूर्वी तोंडी दिलेली. त्यांचा शब्द म्हणजे दस्तऐवज असे सर्वजण मानीत आले होते. परंतु सात-बाराच्या उताऱ्यावर नाव त्यांच्याच कुटुंबाचे होते. वारसांना भेटून, बक्षीसपत्र नोंदवून, फेरफार मंजूर होऊन उतारा हाती येईपर्यंत चौदा महिने गेले. तोवर त्या योजनेची मुदत सरून गेली होती. ह्या अवधीत चार मुली वसतिगृह सोडून गेल्या. एकीच्या आईने मला सांगितले, “गुरुजी, अंधारात पोरीला बाहेर जावं लागतं, मला घरी झोप येत नाही.” त्या बाईस मी काय उत्तर देणार? माझ्या बारा पृष्ठांत तिच्या मुलीच्या ह्या अडचणीस एक ओळही नव्हती.

दुसरा अर्ज आम्ही निराळ्या रीतीने केला. प्रथम मोजदाद केली. किती मुली, किती शौचालये, त्यांपैकी पाण्याअभावी बंद किती, विहिरीस उन्हाळ्यात पाणी किती दिवस टिकते, हे सर्व आठ दिवस वही घेऊन टिपले. “आमच्या भागात सोयींची दुरवस्था आहे” हे वाक्य देणाऱ्यास काहीच सांगत नाही. “इतक्या मुलींमागे इतकी शौचालये, व त्यांतील इतकी बंद” हे वाक्य त्यास आपल्या अंगणात आणून उभे करते. त्यानंतर आराखडा काढविला, स्थापत्य अभियंत्याकडून अंदाजपत्रक करविले, आणि तीन निरनिराळ्या ठेकेदारांकडून दरपत्रके मागविली. एकाच ओळखीच्या माणसाकडून तीन नावांनी तीन कागद घेण्याची खोड काही ठिकाणी आढळते. ती कोणी करू नये. तपासणारी माणसे असे कागद रोज पाहतात. त्यांच्या डोळ्यांत धूळ जाणे कठीण, आणि गेलेला विश्वास परत मिळणे त्याहून कठीण.

अंदाजपत्रकाविषयी आणखी एक सूचना. मंजुरीस पुष्कळ महिने लागतात व तोवर सिमेंट-लोखंडाचे भाव एका जागी थांबत नाहीत. मंजूर झालेल्या रकमेवरचा वाढावा देणारा भरून देईल असे धरून चालू नये. तो कोठून आणावयाचा ह्याचा विचार संस्थेने आधीच करून ठेवावा, आणि कामात काहीही बदल करावयाचा झाल्यास प्रथम लेखी संमती घ्यावी.

आता कायद्याकडे वळू. वकिलातीकडून मिळालेली रक्कम ही कायद्याच्या दृष्टीने परकीय देणगीच होय. ह्यासंबंधीचा पहिला कायदा १९७६ साली झाला. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला, आणि २०२० साली त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या गृहखात्याकडे नोंदणी असल्यावाचून, किंवा त्या विशिष्ट देणगीपुरती पूर्वपरवानगी घेतल्यावाचून, असा एक रुपयाही स्वीकारता येत नाही. २०२० सालच्या नियमांप्रमाणे नोंदणी मागणाऱ्या संस्थेस तीन वर्षे झालेली असावीत, व मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कार्यावर निदान पंधरा लक्ष रुपये खर्च केलेले असावेत. पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खास खात्यातच यावयास हवा. त्यात गावची वर्गणी मिसळावयाची नाही. व्यवस्थापनाचा खर्च शेकडा वीसवर जाता कामा नये. आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत वार्षिक विवरण भरावे लागते.

हे नियम ऐकून एखाद्या वाडीवरील महिला मंडळास वाटेल, “मग हे आमच्यासाठी नव्हेच.” त्यांचे वाटणे अगदीच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशी पैसा घेऊन त्यातील काही भाग अशा मंडळास देऊ शकत असे; २०२० च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. ज्यांना पाचपन्नास हजारांची निकड आहे त्यांच्यापुढे पंधरा लक्षांची अट उभी करणे, ह्यात लहानांवर अन्याय होतो असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि मत एका बाजूस ठेवून मार्ग शोधला पाहिजे. देणाऱ्याचे लेखी वचन मिळत असेल तर पूर्वपरवानगीचा अर्ज करता येतो. नोंदलेल्या मोठ्या संस्थेने स्वतःच ते काम त्या वाडीत करावे, असेही ठरविता येते. आणि प्रत्येक वेळी समुद्रापलीकडेच पाहिले पाहिजे असे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांवर आपल्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग लोकोपयोगी कामांवर खर्च करण्याचे बंधन आहे. लहान कामास ते दार अधिक जवळचे ठरण्याचा संभव आहे.

परंतु दार कोणतेही असो, वकिलातीने विचारलेला तिसरा प्रश्न तेथेही विचारला जाईल: मागाहून सांभाळणार कोण? अर्ज लिहिण्यापूर्वी ह्या प्रश्नासाठी आम्ही पालकांची सभा भरविली. पुष्कळ वाद झाला. “गोरे लोक एवढे देतात, तर झाडूवालीचा पगार का देत नाहीत?” असे एकाने विचारले. त्यास त्या आईनेच उत्तर दिले, “घर बांधून देतो तो रोज चूलही पेटवून देईल काय?” त्या रात्री प्रत्येक घरामागे महिना वीस रुपये व विहिरीचा गाळ काढण्यास वर्षातून दोन दिवसांचे श्रमदान असे ठरले, आणि सभेचा तो वृत्तान्त सह्या-अंगठ्यांसह आम्ही अर्जास जोडला. पुढे पाहणीस आलेल्या पाहुण्यांनी आराखड्यापेक्षा त्या कागदाविषयीच अधिक वेळ विचारणा केली.

काम मंजूर झाले व पुरेही झाले. देणाऱ्या राष्ट्राच्या नावाची पाटी भिंतीवर आहे. तिच्याच खाली एका खिळ्यास वीस-वीस रुपयांच्या जमेची वही टांगलेली असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक मुलगी ती मोठ्याने वाचून दाखविते. ज्या संस्थांना अर्ज करावयाचा असेल त्यांनी आपली अशी वही आजच सुरू करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.