देणारे कोण, घेणारे कोण?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा कार्यकारिणीतील काही मंडळींच्या भुवया किंचित वर गेल्या. ज्ञातीच्या संमेलनात शिक्षण, विवाह, वसतिगृह यांवर बोलावे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या लोकप्रियतेशी आपणांस काय कर्तव्य, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदीच गैर होता असे मी म्हणणार नाही. परंतु या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांचा मुलगा, कन्या, सून वा जावई त्या देशात नोकरी करीत आहे. त्यांच्या पगारातून तेथील सरकार कर कापून घेते. तो कर कोणाच्या पदरात पडतो यावरून तेथे जो पक्षोपपक्षांचा वाद माजला आहे, तो दर रविवारी दूरध्वनीवरून आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोचतो. थोरला एका पक्षाचा, धाकटा दुसऱ्या पक्षाचा, आणि इकडे आईवडिलांनी दोघांचेही मुकाट्याने ऐकून घ्यावयाचे, असे प्रकार मी पाहिले आहेत.

वाद थोडक्यात असा. एक पक्ष म्हणतो की, राष्ट्राध्यक्ष लोकप्रिय झाला तो कष्टाळू करदात्यांचा पैसा आळशांत वाटून. दुसरा म्हणतो की, त्यांचा राष्ट्राध्यक्ष गरिबाच्या तोंडचा घास काढून धनिकांना करसवलत देतो आणि म्हणून धनिक त्याचा उदोउदो करतात. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात खऱ्या, परंतु दोघींचे गृहीत एकच आहे. देशात माणसांच्या जणू दोन जाती असून एक जन्मभर देणाऱ्यांची आणि दुसरी जन्मभर घेणाऱ्यांची, हे ते गृहीत. मला आज त्याचीच थोडी झडती घ्यावयाची आहे.

२०१२ सालच्या निवडणुकीत बराक ओबामा यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी उभे होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात फ्लोरिडा राज्यात देणगीदारांच्या एका खाजगी भोजनप्रसंगी त्यांनी सांगितले की, देशातील ४७ टक्के लोक काही झाले तरी ओबामांनाच मत देणार. कारण ते प्राप्तिकर भरत नाहीत, सरकारवर अवलंबून राहतात आणि स्वतःस असहाय समजतात. कोणी तरी ते गुपचूप चित्रित केले होते. सप्टेंबरात ते प्रसिद्ध झाले आणि देशभर गदारोळ उडाला.

आता हा ४७ चा आकडा मुळात खोटा नव्हता, हे प्रथम सांगितले पाहिजे. २०११ साली सुमारे ४६ टक्के कुटुंबांना केंद्र सरकारचा प्राप्तिकर लागू झाला नव्हता. परंतु आकडा खरा असला म्हणजे त्यावरून काढलेले अनुमान खरे असतेच असे नाही, ही गोष्ट गणिताच्या तासाला मुलांना शिकविताना माझ्या तोंडाला फेस येत असे. या ४६ टक्क्यांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे पगारातून कापला जाणारा सामाजिक सुरक्षेचा कर नियमितपणे भरीत होती. हा कर मजुरीच्या पहिल्या डॉलरपासून लागतो. त्यात गरीब म्हणून सूट नाही. उरलेल्यांत निम्म्याहून अधिक वृद्ध होते, ज्यांनी उभ्या आयुष्यात कर भरून झाला होता. आणि गंमत अशी की, ६५ वर्षांवरील मतदारांत त्या निवडणुकीत रॉम्नी यांनाच बहुमत मिळाले. म्हणजे ज्यांना त्यांनी घेणाऱ्यांत ढकलले, त्यांतील पुष्कळ जण त्यांचेच मतदार निघाले!

शिवाय ही कुटुंबे प्राप्तिकरातून सुटली कशी? कमी वेतनाच्या कष्टकऱ्यास करात सवलत देणारा कायदा १९७५ साली झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जेराल्ड फोर्ड. १९८६ साली तो वाढविला रॉनल्ड रेगन यांनी. मुलांसाठीची सवलत १९९७ साली क्लिंटन यांच्या सहीने आली आणि २००१ साली धाकट्या बुश यांनी ती वाढविली. चौघांपैकी तिघे रिपब्लिकन. गरीब कुटुंबास करातून मोकळे करणे हे त्या काळी रिपब्लिकन पक्षाचे भूषण होते. पुढे तेच त्या कुटुंबांचे दूषण ठरले. निकाल लागला तेव्हा ओबामांना ५१ टक्के मते पडली आणि रॉम्नी यांना, योगायोग पाहा, ४७ टक्के. त्यानंतरही प्रतिपक्षाने लोकांना भेटी वाटून विजय मिळविला, असेच रॉम्नी आपल्या देणगीदारांना सांगत होते.

हा आरोप नवा नाही. त्याची कुळकथा पाहावयाची तर १९३५ सालापर्यंत मागे जावे लागते. महामंदीत बँका बुडाल्या होत्या आणि म्हातारी माणसे रस्त्यावर आली होती. १४ ऑगस्ट १९३५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. कामगाराच्या पगारातून शेकडा एक आणि मालकाकडून शेकडा एक कापून घ्यावयाचा आणि त्यातून वृद्धापकाळी मासिक वेतन द्यावयाचे, अशी योजना होती. १९३६ सालचे त्यांचे प्रतिस्पर्धी आल्फ्रेड लँडन यांनी तिच्यावर कडक टीका केली. काही कारखानदारांनी तर मजुरांच्या पगाराच्या पाकिटांत चिठ्ठ्या घातल्या, की येत्या जानेवारीपासून तुमचा पगार कापला जाणार, आणि तो तुम्हांला परत मिळेल याची हमी नाही.

त्याच निवडणुकीत लोकप्रियता मोजण्याचाही मोठा तमाशा झाला. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या प्रतिष्ठित साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे धाडली. तेवीस लाखांच्या आसपास उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन मोठ्या मताधिक्याने निवडून येणार, असे भाकीत छापले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली व ४८ पैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली. चूक कोठे झाली? पत्ते घेतले होते मुख्यतः दूरध्वनीच्या व मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या काळात ज्याच्या घरी दूरध्वनी वा दारी मोटार, त्याचेच मत म्हणजे देशाचे मत, असे त्या संपादकांनी धरून चालले होते. शिवाय उत्तर धाडण्याचा उत्साहही चिडलेल्यांनाच अधिक असतो. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने मूठभर, परंतु सर्व थरांतील माणसांना विचारले आणि त्यांचा अंदाज बरोबर आला. राष्ट्राध्यक्षाच्या लोकप्रियतेचे जे आकडे आपण आज वर्तमानपत्रांत वाचतो, त्यांची परंपरा तेथून दृढ झाली.

रूझवेल्टविरोधी राहिलेली दोन राज्ये म्हणजे मेन आणि व्हरमाँट. त्यांपैकी व्हरमाँटमध्येच लडलो या गावी आयडा मे फुलर नावाच्या बाई राहत. प्रथम त्या शिक्षिका होत्या, म्हणजे आमच्याच व्यवसायातल्या, आणि नंतर वकिलाच्या कार्यालयात सचिव. ३१ जानेवारी १९४० रोजी या योजनेचा पहिला मासिक धनादेश निघाला तो त्यांच्या नावे: २२ डॉलर ५४ सेंट. तीन वर्षांत त्यांनी भरले होते एकूण २४ डॉलर ७५ सेंट. दुसऱ्याच महिन्यात भरलेले सगळे फिटले. पुढे बाईंना शंभर वर्षांचे आयुष्य लाभले आणि १९७५ साली त्या वारल्या, तोपर्यंत त्यांना २२,८८८ डॉलर ९२ सेंट मिळाले होते.

आता सांगा, फुलरबाईंना कोणत्या रकान्यात मांडावयाचे? हिशेबनीस म्हणेल, घेणाऱ्यांत. परंतु त्यांनी आपल्या तरुणपणी ज्यांना शिकविले त्यांच्या कमाईवरच पुढची वजाबाकी झाली असेल, ती कोणत्या वहीत लिहावयाची? मी स्वतः निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस आहे, म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही. आपल्या शिक्षणनिधीच्या चर्चेतही ‘वर्गणी आम्ही भरावयाची आणि शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या मुलाने न्यावयाची’ असा सूर अधूनमधून ऐकू येतो. घेता दिवाळी, देता शिमगा, हे कोणा एका देशाचे वैशिष्ट्य नव्हे.

रूझवेल्ट यांच्या योजनेला एक काळी बाजू होती आणि त्यांचे भक्त ती सांगत नाहीत. शेतमजूर व घरकाम करणारे नोकर यांना १९३५ च्या कायद्यातून वगळले होते. दक्षिणेकडील राज्यांत हीच कामे करणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. त्यांच्या म्हातारपणाची तरतूद कागदावरही झाली नाही. १९५० आणि १९५४ सालच्या दुरुस्त्यांनी त्यांना क्रमाक्रमाने आत घेतले. नंतर हीच माणसे अन्य साहाय्यासाठी सरकारच्या दारात उभी राहिली तेव्हा त्यांना ऐतखाऊ म्हणणारेही निघाले. आधी पंगतीतून उठवावयाचे आणि मग शिधा मागतो म्हणून नाक मुरडावयाचे, हा न्याय आपल्याकडील वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नसावी.

पैसा वाटला की लोकप्रियता मिळते, या समजुतीची तर अलीकडेच चांगली परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये महामारीच्या संकटात अमेरिकी संसदेने प्रत्येक प्रौढास १,२०० डॉलरपर्यंत देण्याचा कायदा केला. सीनेटमध्ये विरोधात एकही मत पडले नाही. कागदी धनादेशांवर राष्ट्राध्यक्ष डोनल्ड ट्रम्प यांचे नाव मुद्दाम छापण्यात आले. नोव्हेंबरात ते निवडणूक हरले. मार्च २०२१ मध्ये जो बायडेन यांनी आणखी १,४०० डॉलर दिले. या वेळी विधेयकाच्या बाजूने रिपब्लिकन पक्षाचे एकही मत नव्हते. मुलांसाठीची रक्कम वाढवून ती कुटुंबांना महिन्याच्या महिन्यास धाडली. त्या वर्षी बालकांमधील दारिद्र्य सरकारच्याच विस्तृत मोजणीप्रमाणे ५.२ टक्क्यांपर्यंत उतरले. वाढीव रक्कम बंद होताच दुसऱ्या वर्षी ते १२.४ टक्क्यांवर गेले. इतके करूनही बायडेन यांची लोकप्रियता, गॅलपच्या मापाने, जानेवारी २०२१ मधील ५७ टक्क्यांवरून जुलै २०२२ मध्ये ३८ टक्क्यांवर घसरली. महागाईने लोक त्रासले होते. दुधाचा भाव रोज दिसतो. मागच्या वर्षी बँकेत जमा झालेली रक्कम विसरली जाते.

लोकप्रियता चंचल खरीच. ट्रूमन १९४५ साली ८७ टक्क्यांवर होते, ते १९५२ साली २२ टक्क्यांवर आले. धाकटे बुश २००१ मध्ये ९० टक्क्यांवर चढले आणि २००८ मध्ये २५ टक्क्यांपर्यंत उतरले. परंतु मला अधिक चिंताजनक वाटते ते निराळेच. आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत विरुद्ध पक्षाचे सरासरी ४९ टक्के लोक त्यांच्या कारभारास बरे म्हणत. ओबामांच्या वेळी ते प्रमाण १३ टक्क्यांवर आले, आणि ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ७ टक्क्यांवर. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हीच वृत्ती दोन्हीकडे मुरली. मग राष्ट्राध्यक्षाने काय केले हे पाहण्याचे कारणच उरत नाही.

मदत घेणाऱ्यास आपण ती घेतो हे ठाऊकच नसते, असेही दिसून आले आहे. कॉर्नेल विद्यापीठातील सुझन मेटलर या विदुषींनी २००८ सालच्या एका पाहणीवरून दाखवून दिले की, सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी ‘आपण कोणत्याही सरकारी योजनेचा लाभ कधी घेतलेला नाही’ असे उत्तर दिले होते. घरकर्जाच्या व्याजावर करसूट घेणाऱ्यांत तर असे म्हणणारे ६० टक्के होते. ही करसूट बहुतांशी सुखवस्तू मंडळींच्याच वाट्यास येते. सरकारने हातात पैसे ठेवले की ते दान, आणि येणे सोडून दिले की तो आपला हक्क! २००९ साली दक्षिण कॅरोलायनातील सभेत एका गृहस्थाने आपल्या लोकप्रतिनिधीस बजावले की, सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारचीच आरोग्ययोजना आहे. आपण हसलात, परंतु आपल्या मुलाच्या अनुदानित महाविद्यालयातील शुल्क आणि प्रत्यक्ष खर्च यांची वजाबाकी आपल्यापैकी किती जणांनी करून पाहिली आहे?

तथापि करदात्याची तक्रार केवळ कुरकुर म्हणून उडवून लावणेही योग्य नव्हे. १९५० साली एका लाभार्थीमागे सुमारे साडेसोळा जण भरणारे होते. आज तीनसुद्धा नाहीत. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची गंगाजळी २०३३ च्या सुमारास संपेल आणि मग ठरलेल्या रकमेच्या सुमारे ७७ टक्केच देता येतील, असे त्या निधीच्या विश्वस्तांनी २०२५ च्या अहवालात म्हटले आहे. कर वाढवावा किंवा वेतन घटवावे, किंवा दोन्ही थोडे थोडे करावे, याखेरीज मार्ग नाही. १९८३ साली रेगन आणि प्रतिपक्ष यांनी एकत्र बसून नेमके हेच केले: निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६७ वर नेले, कराची वाढ अलीकडे ओढली आणि दोघांनीही थोडा थोडा रोष पत्करला. आता मात्र डेमोक्रॅटिक पक्ष दर निवडणुकीत म्हाताऱ्यांना भीती घालतो की तुमचे वेतन जाणार, रिपब्लिकन पक्ष शपथा घेतो की एक सेंटही कापणार नाही, आणि पैसा कोठून आणावयाचा ते दोघेही सांगत नाहीत.

जाता जाता आपल्या मुलांविषयी. एच-वन-बी परवान्यावर तेथे गेलेल्या आपल्या मुलाच्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी शेकडा ६.२ आणि मेडिकेअरसाठी शेकडा १.४५ कापले जातात, आणि तितकीच भर मालक घालतो. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र चाळीस तिमाह्या, म्हणजे सामान्यतः दहा वर्षे भरल्यावाचून मिळत नाही. सहाव्या सातव्या वर्षी जो परत येतो, त्याची ती रक्कम तेथील वृद्धांच्या उपयोगी पडते आणि त्यास परत मिळत नाही. सुमारे तीस देशांशी अमेरिकेने याबाबत करार केले आहेत. भारताशी तसा करार झालेला नाही. तेव्हा तेथील सभांतून परदेशी माणसे येऊन फुकट खातात असे कोणी गर्जून सांगू लागला, तर आपल्या मुलाच्या पगाराची पावती आठवावी. आणि ज्यांची मुले परतण्याच्या विचारात आहेत त्यांनी एवढे अवश्य करावे: तेथील सामाजिक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येकास आपल्या नोंदी पाहता येतात, त्यांवरून किती तिमाह्या भरल्या ते मुलाकडून पाहून घ्यावे. आठ नऊ वर्षे भरून झाली असतील, तर परतीचे तिकीट काढण्यापूर्वी हा हिशेब एकदा समोर असू द्यावा.