वेळेची वाटणी
(डिंभे येथे पालकांपुढे केलेले भाषण)



वेळ पुरत नाही, ही तक्रार आम्ही घरोघर ऐकतो. ती खोटी नाही. पण कोणाचा वेळ खर्ची पडतो, हे पाहिले पाहिजे. भातलावणी लागली की शाळेतून प्रथम मुली नाहीशा होतात. आईबाप चिखलात, मग धाकटे भावंड, पाणी आणि चूल मुलीच्या गळ्यात. थोरला मुलगा पुष्कळदा पारावर बसलेला!

आपल्या घोड नदीवर धरण आहे. त्याचे पाणी आवर्तन ठरवून सोडतात, म्हणून ते दूरच्या शेतास पोचते. पाळी मोडली तर कालव्याच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहतो. घरातील वेळेचेही तसेच; आणि तेथे टोकाला मुलगी असते.

मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्याचा एक दिवसही हक्काचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांस एकत्र करून १८९० साली रविवारची सुटी मिळविली. मोकळा वेळ आपोआप मिळत नाही. तो ठरवून राखावा लागतो.

म्हणून रोज रात्री जेवणानंतर सर्वांनी मिळून उद्याची कामे मोजावी. कोणते टळणार नाही, कोणते परवा चालेल, ते ठरवावे. पाणी मुलग्याने भरावे. पडकईत एकेकाचे खाचर सारे मिळून घडवितात. तीच रीत लावणीस लावावी. चार घरची लहान मुले एका आजीपाशी ठेवावी. मग शाळेचा वेळ मुलीच्या नावे उरेल. त्यास कोणी हात लावू नये, एवढेच आमचे मागणे.