शाळेंतील तंटे आणि अभ्यासाची संवय



प्राथमिक शाळेंत मुलांना काय शिकवितात असें विचारलें असतां, लिहिणें, वाचणें आणि हिशेब करणें, असें उत्तर आपण देतों. तें खरें असलें तरी अपुरें आहे. सहा वर्षांचें मूल शाळेची पायरी चढतें तेव्हां परक्यांच्या जगांत तें पहिल्यानेंच पाऊल टाकीत असतें. घरीं शेवटचा लाडू कोणाचा हें आई ठरवीत असे. येथें बाकावरची जागा, नळावरची पाळी, खिचडीची रांग आणि खोडरबराची मालकी हे सारे प्रश्न परक्या मुलांशीं सोडवावे लागतात. ते कसे सोडवावे हें शिकविणें हेंही प्राथमिक शाळेचेंच काम आहे. आणि तें नीट केलें म्हणजे लिहिणें-वाचणेंही आपोआप सुधारतें, एवढेंच मला आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

आमचें जळगाव जामोद हें सातपुड्याच्या पायथ्याचें, कापूस पिकविणारें गांव. आमच्या वऱ्हाडांत शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. नांगराच्या एका तासाएवढी जमीन धुऱ्याच्या अलीकडची पलीकडे गेली, कीं भाऊ भावाचें तोंड पाहात नाहीं. तारखांवर तारखा पडतात, वकिलाच्या फीपायीं त्या तासाची किंमत दसपटीनें जाते, आणि भांडण सातबाऱ्याबरोबर बापाकडून मुलाकडे वारशानें येतें. ही स्थिति ओळखूनच महाराष्ट्र शासनानें १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम आरंभिली. दोन्ही पक्षांना गांवाच्या समितीपुढें समोरासमोर बसवावें आणि कायद्यानें आपसांत मिटवितां येण्याजोगे तंटे सामोपचारानें मिटवावे, असा तिचा हेतु. हेतु स्तुत्य खरा. पण ज्याची चाळिशी उलटली त्या माणसाला दुसऱ्याचें म्हणणें ऐकून घ्यावयास शिकविणें किती कठीण! वाळलेली काठी वांकत नाहीं, मोडते. वळण लावावयाचें तें ओली असतांना.

आणि पाहूं गेल्यास धुऱ्याचें पहिलें भांडण शेतांत होतच नाहीं; तें पहिलीच्या वर्गांत बाकावर होतें. दोन मुलें बाकाच्या मधोमध खडूनें रेघ ओढतात आणि एकाचें कोपर रेघेपलीकडे गेलें कीं दुसरा त्याला पेन्सिल टोंचतो. ही खडूची रेघ म्हणजेच पुढला धुरा. तेथें जें वळण लागेल तें जन्मभर पुरेल.

अशा वेळीं आपण शिक्षक बहुधा काय करतों? "सर, यानं माही पेन्सिल नेली!" अशी फिर्याद येते. आपण दोन प्रश्न विचारतों, न्यायाधीश होऊन निवाडा देतों, आणि खडू उचलून फळ्याकडे वळतों. निवाडा झटपट होतो. पण त्यांतून मुलें शिकलीं काय? जिंकलेला शिकला, कीं आधीं जाऊन सांगणाराचें फावतें. हरलेला शिकला, कीं शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर हिशेब चुकता करावा. पूर्वी अशा प्रसंगीं छडीचा शब्द अखेरचा असे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमानें मुलाला शारीरिक शिक्षा करणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस मनाई केली. छडी गेली, आतां धाक कशाचा, असें म्हणणारे शिक्षक मला पुष्कळ भेटले. त्यांना माझें उत्तर एकच: छडीनें गोंगाट थांबत असे, भांडण थांबत नसे.

मग निवाड्याच्या जागीं काय ठेवावें? मीं चार पायऱ्यांचा क्रम ठेवीत आलों. पहिली पायरी थांबण्याची. दोघांनीं हात मागें घ्यावे, पाणी प्यावें, श्वास खालीं बसूं द्यावा. दुसरी पायरी सांगण्याची. प्रत्येकानें आपल्यापुरतें सांगावें. "तूं असाच आहेस" असें न म्हणतां "माझी पेन्सिल न विचारतां घेतली, म्हणून मला राग आला" असें म्हणावें. तिसरी पायरी सर्वांत अवघड. एकानें जें सांगितलें तें दुसऱ्यानें आपल्या तोंडानें पुन्हां सांगावें, आणि पहिला "बरोबर" म्हणेपर्यंत सांगत राहावें. चौथ्या पायरीवर दोघांनीं मिळून दोन-तीन तोडी सुचवाव्या, त्यांतील एक निवडावी, आणि ती टिकली कीं नाहीं हें दुसऱ्या दिवशीं शिक्षकापाशीं येऊन सांगावें.

या चारांत प्राण आहे तो तिसरींत. आमच्या तालुक्यांत भेंडवळ येथें अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिचें भाकीत सांगितलें जातें. त्या भाकिताच्या खरेखोटेपणांत मी शिरत नाहीं. पण तें ऐकावयास जमलेला शेतकरी कसा ऐकतो तें पाहा! पाऊस कसा, पीक कसें, यांतला एक शब्द निसटूं नये म्हणून तो कान टवकारून असतो, आणि घरीं जाऊन ऐकलेलें जसेंच्या तसें सांगतो. शेजाऱ्याचें गाऱ्हाणें आपण या कानानें ऐकलें असतें, तर निम्मे धुरे शांत झाले असते.

आतां अभ्यासाकडे वळूं. उदाहरण वाचतां वाचतांच बेरीज करावी कीं वजाबाकी हें ठरवून टाकणारें मूल आपण रोज पाहतों. प्रश्न अर्धा वाचलेला, उत्तर पूर्ण चुकलेलें. त्याला गणित येत नाहीं असें आपण म्हणतों. वास्तविक त्याला थांबतां येत नाहीं. त्याच चार पायऱ्या येथें लावून पाहा. आधीं थांबावें व उदाहरण शेवटपर्यंत वाचावें. मग काय दिलें आहे आणि काय काढावयाचें आहे तें आपल्या शब्दांत शेजाऱ्याला सांगावें. शेजाऱ्यानें तें परत सांगावें. नंतर रीत निवडावी, आणि चुकलेलें उदाहरण दुसऱ्या दिवशीं पुन्हां सोडवून पाहावें. जें मूल सोबत्याचें म्हणणें पुरें ऐकतें तेंच धडा पुरा वाचतें. भांडण मिटविणें आणि अभ्यास करणें या दोन विद्या नव्हेत. एकाच संवयीच्या त्या दोन बाजू होत.

वस्तूंच्या व्यवस्थेनेंही ही संवय लागते. डॉ. मारिया माँटेसरी १९३९ सालीं मद्रासला आल्या आणि युद्धाचा काळ त्यांनीं हिंदुस्थानांतच काढला. त्यांच्या पद्धतींत वर्गामध्यें प्रत्येक साधन एकेकच ठेवीत. दुसऱ्याला तेंच हवें झालें तर पहिल्याचें काम संपून वस्तु जागेवर परत येईपर्यंत त्यानें थांबावें. असें रोज थांबणारें मूल धीर शिकतें, आणि वस्तु जागेवर ठेवणारें मूल दुसऱ्याची आठवण ठेवावयास शिकतें. ही दृष्टि मराठी मुलुखांत रुजविणाऱ्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें व पुढें कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीनें, खेड्यांतील आणि आदिवासी मुलांसाठीं काम केलें. अलीकडचें उदाहरण मूल्यवर्धन कार्यक्रमाचें. शांतिलाल मुथ्था फाउंडेशननें २००९ सालीं बीड जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांतून तो सुरू केला आणि पुढें राज्य शासनाच्या सहकार्यानें तो इतर जिल्ह्यांतही गेला. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हीं राज्यघटनेंतील मूल्यें पाठ करून न घेतां, जोडीनें बोलणें, गटानें काम करणें आणि एकमेकांच्या मदतीनेंच पुरे होणारे खेळ खेळणें, या वाटेनें तो तीं मुलांच्या अंगवळणीं पाडतो.

यावर कोणी म्हणेल, अभ्यासक्रम पुरा करावयास वेळ नाहीं, त्यांत हें कोठून बसवावें? आपण हिशेबच करूं. कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीसाठीं वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झालें पाहिजे. वर्गांत रोज दोन तंटे होतात आणि प्रत्येकापायीं दहा मिनिटें जातात असें धरा. दिवसाचीं वीस मिनिटें, वर्षाचीं ४,००० मिनिटें, म्हणजे सुमारें ६७ तास. बारांतला एक हिस्सा भांडणानेंच खाल्ला! आरंभीं महिनाभर या चार पायऱ्यांना जो वेळ लागेल तो वर्षाअखेर व्याजासह परत मिळेल.

मात्र एक इशारा दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. समेट म्हणजे दुबळ्याची माघार नव्हे. थोरल्या मुलानें धाकट्याला रोज छळावें, कोणाची जात काढावी, कोणा मुलीला रडवावें, तेथें "दोघे मिळून मिटवा" असें म्हणणें म्हणजे शिक्षकानें आपलें कर्तव्य टाळणें होय. तेथें शिक्षकानें आधीं दुबळ्याच्या पाठीशीं उभें राहावें, समेट मागाहून. आमच्या सातपुड्याच्या कुशींतून कोरकू, भिलाला, निहाल कुटुंबांतील मुलें शाळेंत येतात. घरची बोली निराळी, शाळेची भाषा निराळी. त्यांच्या बोलण्याला वर्ग हंसला तर तें मूल काय करील? ज्याला शब्द सांपडत नाहीं त्याचा हात उठतो, आणि मग मारकुटा म्हणून त्याचेंच नांव होतें. अशा मुलाला आपलें गाऱ्हाणें प्रथम घरच्या बोलींत सांगूं द्यावें. अर्थ सांगणारा एखादा सोबती वर्गांत असतोच. ऐकून घेतलें जातें असें त्याला कळलें म्हणजे मूठ सैल होते, आणि शाळेची भाषाही तें लवकर शिकतें.

पालकांना एक विनंती. "मार खाऊन येऊं नकोस, मारून ये" हा उपदेश कित्येक घरांत होतो. त्यापेक्षां संध्याकाळीं दोन प्रश्न विचारा: आज सोबत्यानें तुला कोणती गोष्ट सांगितली? आणि तूं त्याला काय सांगितलेंस? मूल जें ऐकून येतें तें सांगावयास जागा मिळाली, तर तें उद्यां अधिक नीट ऐकेल. मुलाच्या देखत धुऱ्यावरून शेजाऱ्याला शिवी देऊं नका, हें तर सांगावयासच नको. आणि रोज ठरल्या वेळीं अर्धा घटका तरी मुलाशेजारीं बसा. वाचतां येत नसेल तर नुसतें ऐका. ऐकणारा असला म्हणजे वाचणाराला हुरूप येतो.

माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना अखेरची सूचना ही, कीं सारें एकदम करूं नये. उद्यां वर्गांत पहिली फिर्याद येईल तेव्हां निवाडा ओठांवर आला तरी तो क्षणभर रोखून धरावा आणि फिर्यादी मुलाला एवढेंच विचारावें: "बाळा, तो काय म्हणतो तें तूं मला सांग पाहूं." उत्तर येण्यास वेळ लागेल. तो वेळ मुलाला द्यावा.