पोलादी गोटी आणि दोन बटणं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक ज्यांच्या घरी किंवा कचेरीत होता, त्यांना 'स्पेस कॅडेट' हा पिनबॉलचा खेळ नक्की आठवत असेल. स्पेसबार दाबून धरायचा, सोडला की गोटी सुटायची. मग डाव्या-उजव्या बटणांनी खालचे दोन दांडे हलवून तिला वर उडवत राहायचं. साहेब आले की खिडकी बंद! त्या खेळात मोहिमा होत्या, अंतराळवीराच्या बढत्या होत्या, कुठलं निशाण आधी टिपायचं आणि कुठल्या चढणीवरून जायचं याचा क्रम होता. पण आपल्यापैकी कितीजणांना त्याचा पत्ता होता? बहुतेकांनी गोटी खाली पडू द्यायची नाही एवढ्या एकाच नियमावर तो खेळ खेळला आणि त्यात त्यांना काही कमी वाटलं नाही. आज मला जे सांगायचं आहे, त्याचं बीज इथेच आहे.

मी विद्युत अभियंता. नोकरीची पंचवीसेक वर्षं शिकागोच्या एका उपनगरात काढली. शिकागो ही पिनबॉलची पंढरी. गॉटलीब, बॅली, विल्यम्स या तिन्ही नामवंत कंपन्या तिथल्याच. त्या मुक्कामात खऱ्या यंत्रांचा नाद लागला. या नादिष्टांमध्ये एक जुना वाद आहे. रिले आणि घंटांची जुनी, साधी यंत्रं चांगली, की संगणकावर चालणारी, बोलणारी, गोष्ट सांगणारी नवी? मी जुन्यांच्या बाजूचा आहे. का, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. उतरत्या फळीवर खिळे ठोकून गोट्या सोडायचा बॅगटेल हा खेळ युरोपातला. १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी त्यात स्प्रिंगचा दट्ट्या बसवून पेटंट घेतलं. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलीब यांचं 'बॅफल बॉल' आलं. किंमत साडेसतरा डॉलर. मंदीचे दिवस होते, एका पेनीत मूठभर गोट्या खेळायला मिळायच्या, त्यामुळे यंत्रं भराभर खपली. पण गोटी एकदा सुटली की खेळणाऱ्याच्या हातात यंत्र हलवण्यापलीकडे काही नव्हतं. फार हलवू नये म्हणून लोंबता लोलक आला. तो कडीला टेकला की 'टिल्ट' आणि डाव बंद. १९४७ मध्ये गॉटलीबच्या 'हम्प्टी डम्प्टी'वर हॅरी मॅब्स यांनी सहा फ्लिपर बसवले, आणि पडणारी गोटी परत वर पाठवायची सोय झाली. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कोर्डेक यांनी 'ट्रिपल ॲक्शन'मध्ये दोनच फ्लिपर ठेवले, तेही अगदी तळाशी. पिनबॉलचा चेहरा तिथे ठरला.

दरम्यान या खेळावर जुगाराचा शिक्का बसला होता. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली महापौर ला गार्डिया यांनी यंत्रं जप्त करवली, स्वतः घण घेऊन फोडली. ही बंदी उठली थेट १९७६ मध्ये. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगरपरिषदेच्या समितीपुढे यंत्रावर खेळून दाखवलं. गोटी वरच्या कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगितलं, दट्ट्या ओढला, आणि गोटी त्याच वाटेने गेली. हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हे समितीला पटलं.

ही हकीकत अनेकदा सांगितली जाते. मला तिच्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शार्प ज्या यंत्रावर खेळले ते गॉटलीबचं 'बँक शॉट', म्हणजे जुन्या, साध्या पद्धतीचं. समितीतल्या मंडळींना पिनबॉलचं ज्ञान नव्हतं. तरी कौशल्य त्यांना दिसलं, कारण ते दिसण्यासारखं होतं. हात, गोटी आणि वाट, एवढंच समोर होतं. खेळ न येणाऱ्यालाही दुसऱ्याचं कसब कळावं, हा साधेपणाचा फार मोठा गुण आहे.

जुन्या यंत्राच्या पोटात काय असतं? शेकडो स्विच, रिलेच्या रांगा आणि एक छोटी मोटर. गोटीने पन्नास गुणांचं निशाण टिपलं की मोटर फिरते, दहा-दहा गुणांचे पाच ठोके देते, आकड्यांचं चाक पाच घरं सरकतं आणि घंटी पाच वेळा वाजते. गुण कानाने मोजता येतात. काय करायचं ते एका छोट्या कार्डावर छापलेलं असतं, काचेखाली लावलेलं. चार-पाच ओळी, बस्स.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रिलेंची जागा इलेक्ट्रॉनिक सर्किटांनी घेतली. १९७९ मध्ये विल्यम्सचं 'गॉर्गर' बोलू लागलं. १९८०च्या 'ब्लॅक नाइट'मध्ये दुमजली पट आला. पुढे पडद्यावर चित्रं हलू लागली. १९९२चं 'द ॲडम्स फॅमिली' हे या नव्या घराण्यातलं सर्वांत गाजलेलं यंत्र. वीस हजारांवर खपलं. त्यात पेटीतून एक हात बाहेर येतो आणि गोटी उचलून आत नेतो. बंगल्यातल्या खोल्या एकेक करून जिंकायच्या असतात. एका ठिकाणी तर यंत्र स्वतःच फ्लिपर मारून निशाण साधतं. पॅट लॉलर यांची ही करामत पाहून अभियंता म्हणून मी टोपी काढतो. पण खेळाडू म्हणून मला तिथे प्रश्न पडतो, की यंत्रच माझ्या वतीने खेळणार असेल तर मी उभा कशाला?

एक घरगुती अनुभव सांगतो. माझ्याकडे तळघरात गॉटलीबचं १९७६चं 'रॉयल फ्लश' होतं. पत्त्यांची चित्रं असलेली पडती निशाणं त्यात रांगेने उभी असतात. चारजणांनी आळीपाळीने खेळायचं. एका उन्हाळ्यात माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सांगलीहून आले होते. इंग्रजीचा गंध नाही, पण कॅरममध्ये गल्लीत दरारा. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. ती आजोबांना हौसेने एका पिझ्झाच्या दुकानात 'ॲडम्स फॅमिली' खेळायला घेऊन गेली. मी सोबत होतो. यंत्र ओरडायचं, दिवे उघडझाप करायचे, पडद्यावर अक्षरं पळायची. अण्णा दर मिनिटाला विचारत, "आता काय म्हणतंय गं ते?" ती सांगेपर्यंत गोटी गेलेली असायची. दोन डावांनंतर ते म्हणाले, "बाळ, तू खेळ. मी बघतो."

घरी तळघरात मात्र त्यांना कोणी काही समजावलं नाही. पहिल्या दोन गोट्या वाया गेल्या. तिसरी त्यांनी फ्लिपरवर झेलली, क्षणभर धरून ठेवली आणि नेमकं पान पाडलं. "हे कॅरमसारखं आहे," म्हणाले. "चुकलं की कुठं चुकलं ते कळतं." त्यानंतर महिनाभर रोज जेवणानंतर आजोबा आणि नात यांचा सामना रंगायचा. कधी हे जिंकत, कधी ती. सत्तरीचा माणूस आणि बारा वर्षांची मुलगी, दोघांची भाषा अर्धीमुर्धीच जुळणारी, पण यंत्रापुढे दोघं बरोबरीचे.

अण्णांच्या त्या वाक्यात माझी बाजू आली. साध्या यंत्रात कृती आणि परिणाम यांच्यात अंतर नसतं. गोटी साधारण ऐंशी ग्रॅमची, पोलादी. बटण क्षणभर आधी दाबलं तर ती एकीकडे जाते, उशिरा दाबलं तर दुसरीकडे. गुण कमी पडले तर कारण आपल्या बोटांत सापडतं. नव्या यंत्रात कधीकधी एकदम कोटींनी गुण मिळतात, आतषबाजी होते, आणि आपण नेमकं काय केलं हे आपल्यालाच ठाऊक नसतं. कौतुक आवडतं सगळ्यांनाच, पण न कळलेलं कौतुक फार टिकत नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ती माझ्या मुलीने नेहमी मांडली. "बाबा, तुमचं यंत्र दर वेळी तेच तर करतं," असं ती म्हणायची. नव्या यंत्रात शिकायला महिनोन्‌महिने लागतात, शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचणं हे एखादी जाड कादंबरी संपवण्यासारखं असतं. हे खरं आहे. नवा पट जास्त उतरता असतो. जुना साडेतीन अंशांच्या आसपास, नवा साडेसहाच्या. त्यामुळे खेळ वेगवान होतो, तरुण बोटांना तो वेग हवा असतो. दुरुस्तीचं म्हणाल तर नवं यंत्र कुठला स्विच अडकलाय ते स्वतः सांगतं. जुन्यात माणसाला टॉर्च घेऊन आत वाकावं लागतं.

पण वाकलं की दिसतं, हेही खरं. फ्लिपर मंद झाला तर त्याच्या स्विचवर काळा डाग दिसतो. बारीक कानशीने तो घासला की फ्लिपर पुन्हा जोरात. सर्किटचा नकाशा टेबलावर पसरायचा, बोटाने तार शोधत जायचं. सबंध यंत्र एका माणसाच्या डोक्यात मावतं. अडचण अशी, की ही डोकी आता कमी होत चालली आहेत. रिलेवर हात बसलेले कारागीर म्हातारे झाले. यंत्रं गोदामात पडून गंजतात ती बहुधा सुटे भाग मिळत नाहीत म्हणून नव्हे, तर वाकून बघणारं कोणी नाही म्हणून.

आम्ही भारतात परतायचं ठरवलं तेव्हा हाच प्रश्न माझ्यापुढे आला. सव्वाशे किलोच्या आसपासचं धूड पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणणं शक्य नव्हतं. विकत घ्यायला एकजण तयार होता, पण त्याला फक्त वरची रंगीत काच भिंतीवर लावायला हवी होती, बाकी भंगारात. मी नाही म्हटलं. अखेर मुलीनेच ते आपल्या घरी नेलं. अट एकच घातली, जायच्या आधी दुरुस्ती शिकवायची. तीन शनिवार-रविवार आम्ही दोघं रिलेच्या रांगांत डोकं घालून बसलो. तिला अजूनही नवी यंत्रंच जास्त आवडतात. तसं ती स्पष्ट सांगते. पण 'रॉयल फ्लश'च्या घंटा चालू आहेत, आणि बंद पडल्या तर त्या का बंद पडल्या हे शोधणारं माणूस घरात आहे. वाद जिंकण्यापेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

१९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉल बंद केलं तेव्हा हा खेळच संपला असं वाटलं होतं. तो संपला नाही. शिकागोच्याच स्टर्न कंपनीने तो तगवला, नंतर आणखी कारखाने उभे राहिले. आज येणाऱ्या यंत्रांत मोठे पडदे आहेत, इंटरनेटची जोडणी आहे, किंमत काही हजार डॉलरची आहे. तो जिवंत राहिला याचा मला आनंदच आहे. नवी यंत्रं नसती तर जुन्यांकडेही कोणी वळून बघितलं नसतं.

तुमच्यापैकी कुणी मुलांकडे अमेरिकेत जाणार असाल, तर लास व्हेगासला 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' आहे. तिथे जुनी-नवी यंत्रं शेजारी शेजारी उभी आहेत, आणि नाणी टाकून खेळता येतात. एक नवं यंत्र खेळा, मग साठच्या-सत्तरच्या दशकातलं एक जुनं खेळा. जुन्यावर कार्ड वाचायला अर्धं मिनिट द्या. पहिली गोटी वाया गेली तर वाईट वाटून घेऊ नका. दुसरी फ्लिपरवर झेलून थोडी थांबवा, आणि मग ठरवा तिला कुठे पाठवायचं ते. नातवंडं सोबत असतील तर त्यांच्याशी सामना लावा. कोण जिंकलं ते घंटा मोजून कळेल.