पाण्यातील एक चिमुकला सापळा



अड्यार नदी बंगालच्या उपसागराला मिळते तेथे ओहोटीच्या वेळी उभ्या राहिलेल्या माणसाला चिखल, गवत आणि संथ पाणी एवढेच दिसते. अशा जागेला व्यवहारात ‘निरुपयोगी’ म्हटले जाते आणि ती भरून काढणे म्हणजे सुधारणा, असे समजले जाते. या समजुतीची किंमत कोणाला द्यावी लागते, हे कळण्यासाठी एका लहानशा पाणवनस्पतीची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

या वनस्पतीचे नाव अल्ड्रोव्हांडा. कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारी ‘दवबिंदू’ ही कीटकभक्षी वनस्पती तिच्याच कुळातील होय. लेनर्ड प्लुकनेट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९६ साली भारतातून आलेल्या नमुन्यावरून तिची पहिली नोंद केली. पुढे इटलीतील निसर्गपंडित आल्द्रोव्हांदी यांचे नाव तिला मिळाले. एके काळी बंगालमधील तळ्यांत ती आढळत असे. युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांतही तिचे वास्तव्य होते.

अल्ड्रोव्हांडाला मुळे नसतात. तिची बारीक खोडे पाण्याच्या पृष्ठभागाखाली तरंगतात आणि त्यांवर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पानांची वलये असतात. प्रत्येक पानाच्या टोकाशी काही मिलिमीटर लांबीचा, दोन पाळ्यांचा सापळा असतो. पाण्यातील एखाद्या सूक्ष्म जीवाचा आतील संवेदनाक्षम केसांना स्पर्श होताच या पाळ्या सेकंदाच्या अत्यल्प भागात मिटतात. मग पाचकरस स्रवून भक्ष्याचे पचन होते. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथात या सापळ्याचा विचार केला आहे.

वनस्पतीला शिकार करण्याची गरज का भासावी? ज्या पाण्यात ती राहते त्यात नायट्रोजन व फॉस्फरस यांचे प्रमाण फारच कमी असते. ही उणीव ती भक्ष्यातून भरून काढते. तिचा खरा शत्रूही येथेच दडलेला आहे. शेतातील खते आणि गावांचे सांडपाणी तळ्यात उतरले की पाणी ‘सकस’ होते, शेवाळ माजते, सूर्यप्रकाश अडतो आणि ही नाजूक वनस्पती गुदमरून जाते. ज्या पाण्यात इतर वनस्पतींची उपासमार होते, तेथेच तिचा संसार फुलतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे.

आता पुन्हा अड्यारकडे वळू. पाणपक्ष्यांच्या अंगाला चिकटून अल्ड्रोव्हांडा एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जात असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या दलदलीत ती स्वतः नाही, त्या दलदलीचाही तिच्या जातभाईंच्या आयुष्याशी संबंध पोहोचतो. पक्ष्यांच्या वाटेवरील मुक्काम एकामागून एक बुजले, की वाटच तुटते.

अड्यारची खाडी सांडपाण्याने आणि राडारोड्याने अनेक वर्षे कोंडली होती. तिच्या ५८ एकर भागाची साफसफाई व पुनर्रचना करून २०११ साली तेथे पर्यावरण उद्यान खुले झाले. दक्षिणेकडील पल्लीकरणैच्या दलदलीत शहराचा कचरा टाकला गेला आणि बांधकामांनी तिचा विस्तार आक्रसला. २०२२ साली तिला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले. त्याआधी, डिसेंबर २०१५ मध्ये अड्यारला महापूर आला, तेव्हा पाण्याला पसरण्यासाठी मोकळी जागा किती हवी असते, हे चेन्नईने अनुभवले होते.

खाडी उपसता येते आणि तिच्या काठी झाडेही लावता येतात. परंतु निर्मळ, उथळ आणि पोषकद्रव्यांनी दरिद्री असे पाणी एकदा बिघडले की पूर्ववत होण्यास फार काळ लागतो, आणि तोवर त्यातील रहिवासी थांबून राहत नाहीत. म्हणून उरलेल्या पाणथळ जागा बिघडण्यापूर्वीच राखणे हाच स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग होय. एखाद्या जमिनीवर ‘निरुपयोगी’ असा शिक्का मारण्यापूर्वी तिच्या पाण्यात एकवार वाकून पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.