वाळूचा हिशेब आणि माणसाची हजेरी

(शिरूर-दौंड परिसरातील वाळू उत्खनन आणि खाणउद्योगाची जबाबदारी या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी भीमा शिरूर तालुक्याच्या सीमेला लागते, तेव्हा तिच्या काठावर वढू बुद्रुक आणि तुळापूर ही छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानाची साक्ष देणारी स्थाने उभी असतात. पुढे रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचे पाणी तिला मिळते. त्याच्याही पुढे, दौंड शहर मागे टाकल्यावर, शिरूरच्या उत्तर सीमेवरून वाहत आलेली घोड नदी तिच्यात सामावते. दौंड तालुक्यातील शिरापूरच्या समोर, पैलतीरावर, सिद्धटेकचा सिद्धिविनायक आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी ज्याचा जीर्णोद्धार केला, तेच हे देवस्थान. या दोन तालुक्यांचा ऊस, त्यांच्या विहिरी, त्यांचे यात्रा-उत्सव आणि त्यांचे साखर कारखाने हे सारे या दोन नद्यांच्या आधाराने उभे आहे.

याच नद्यांच्या पात्रात गेली काही दशके एक मोठी खाण चालू आहे. तिला कोणी खाण म्हणत नाही. तिला फाटक नाही, पाटी नाही, भोंगा नाही. पुणे शहर चहूबाजूंनी वाढत गेले, सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्या इमारतींना लागणारी वाळू भीमा आणि घोड यांच्या पात्रांतून निघत राहिली. कोरड्या पात्रात जेसीबी आणि पोकलेन, खोल पाण्यात यांत्रिक बोटी आणि काठावर रांगेने उभे असलेले हायवा ट्रक हे दृश्य काठावरच्या गावांना इतके परिचित झाले की, त्याचे नवल वाटेनासे झाले. वाळू ही कायद्याच्या परिभाषेत ‘गौण खनिज’ आहे आणि ती काढण्याचा उद्योग हा खाणउद्योगच होय. म्हणूनच खाणउद्योगाला जे प्रश्न विचारले जातात, ते येथेही विचारले गेले पाहिजेत.

मोठ्या खाणकंपन्यांच्या वार्षिक अहवालात आजकाल तीन वचने हमखास आढळतात. कामगारांची सुरक्षा, परिसरातील समाजाचे हित आणि निसर्गाचे जतन, ही ती तीन वचने. यांना केवळ शोभेची वाक्ये समजून हसण्यात अर्थ नाही. देशी उद्योगाच्या इतिहासात ही वचने कृतीत उतरल्याचे दाखले आहेत. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्याने १९१२ साली आठ तासांचा कामाचा दिवस सुरू केला, १९१५ साली मोफत वैद्यकीय मदत दिली आणि १९२० साली भविष्य निर्वाह निधी सुरू केला. यांपैकी कोणतीही गोष्ट करण्याची सक्ती त्या काळी कायद्याने केलेली नव्हती.

उलट उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी नामांकित कंपन्यांच्या हाती होत्या. तरीही न्यायमूर्ती शाह आयोगाच्या अहवालानंतर, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला तेथील उत्खनन थांबवावे लागले. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारण्याचे निर्देश दिले. तात्पर्य, वचन छापले गेले म्हणजे ते पाळले गेले असे होत नाही. वचन पाळले जाते आहे की नाही, हे पाहणारा कोणी तरी असावा लागतो.

आता भीमाकाठी यावे. येथे पहिलाच प्रश्न अडतो. वचन द्यायचे कोणी? ठेका घेणारा एक, प्रत्यक्ष उपसा करणारा दुसरा, बोटीचा मालक तिसरा, वाहन चौथ्याचे आणि शहरात माल विकणारा पाचवा. हंगाम संपला की ही साखळी सुटते. पुढच्या हंगामात नवी जुळते. बेकायदा उपशात तर ही साखळी जाणूनबुजून धूसर ठेवलेली असते. गोव्यातील कंपनीला न्यायालयात उभे करता आले, कारण तिला नाव होते, पत्ता होता. येथे त्याचाच अभाव आहे.

या अभावाची सर्वांत मोठी किंमत मोजतो तो पात्रात उतरणारा मजूर. दौंड तालुक्यात आणि खाली उजनीच्या फुगवट्यात महसूल आणि पोलीस खात्याने केलेल्या कारवायांच्या बातम्या वारंवार प्रसिद्ध होतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. इतक्या बोटी पकडल्या, जिलेटीनच्या स्फोटाने उडवून दिल्या, इतका ब्रास वाळूसाठा जप्त केला, इतक्या रुपयांचा मुद्देमाल नष्ट केला. आणि अखेरीस एक वाक्य येते की, पथक पाहताच बोटीवरील कामगारांनी पाण्यात उड्या टाकून पलायन केले. बातमी तेथे संपते.

ते वाक्य क्षणभर थांबून वाचण्यासारखे आहे. अनेकदा परप्रांतातून पोटासाठी आलेला, या नदीची खोली ठाऊक नसलेला एक माणूस, रात्रीच्या अंधारात, अंगावर जीवरक्षक जाकीट नसताना पाण्यात उडी घेतो. तो काठाला लागला की नाही, हे कोण पाहते? पंचनाम्यात बोटीची नोंद होते, इंजिनाची होते, वाळूचे मोजमाप होते. माणूस ‘अज्ञात’ राहतो. तो बुडाला, तर त्याची चौकशी करणारा काठावर कोणी नाही आणि त्याच्या गावी वाट पाहणाऱ्या घराला कळवणाराही कोणी नाही.

कामावर असताना इजा किंवा मृत्यू झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून मान्य आहे. पण भरपाई मागण्यासाठी मालक कोण, हे सिद्ध करावे लागते. ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याने ते कसे सिद्ध करावे? १९५२ च्या खाण कायद्यातही एक पळवाट होती. साधी वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड अशा खनिजांची उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, तेथे पन्नासपेक्षा अधिक माणसे नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर कायद्याच्या बहुतेक तरतुदी तिला लागू होत नसत. अठरा वर्षांखालील व्यक्तीला कामावर न घेण्याची अट मात्र कायम होती. सुरुंग लावणारी दगडखाण या कायद्याखाली येई आणि तिला निरीक्षक असे. नदीपात्रातील खड्डा मात्र बाहेर राही. आता तो कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. २०२० साली संमत झालेली ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कायद्याचे नाव बदलले, तरी पात्रातील माणसाच्या दृष्टीने प्रश्न जुनाच आहे. त्याचे नाव कोणाच्या वहीत आहे?

दुसरे वचन समाजहिताचे आणि तिसरे निसर्गाचे. भीमाकाठी ही दोन वचने वेगळी करताच येत नाहीत. नदीतील वाळू हा पाण्याचा साठा असतो. पावसाळ्यात ती पाणी शोषून घेते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना हळूहळू देत राहते. वाळूचा थर खरवडून खाली कातळ किंवा चिकणमाती उघडी पडली की, पूर येतो आणि वाहून जातो, विहीर मात्र भरत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या आणि पुलांच्या पायाजवळची वाळू निघाली, तर पाया उघडा पडतो. काठाला लागून खोल उपसा झाला की काठ ढासळतो आणि शेतकऱ्याची जमीन नदीत जाते. पात्रातील खड्डे पाण्याने भरल्यावर वरून दिसत नाहीत. पोहायला उतरलेली मुले आणि पाण्यावर आलेली जनावरे त्यांत सापडतात. वाळूच्या वाहनांनी उखडलेला गावरस्ता आणि उभ्या पिकावर बसणारी धूळ हा त्यावरचा भार.

याविषयी नियम नाहीत असे नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. ऑगस्ट २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अशा परवानगीविना चालणाऱ्या वाळू उपशाला देशभर मनाई केली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी उपशाची खोली तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत मर्यादित केली. २०२० च्या सूचनांनी देखरेखीवर आणि पात्रात दरवर्षी नव्याने किती वाळू येते, या अभ्यासावर भर दिला. नियमांचे पुस्तक जाड झाले. पात्रात उभे राहून खोली मोजणारा मनुष्य मात्र क्वचितच दिसला.

या ठिकाणी एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. घरे बांधायची तर वाळू लागणारच. काठावरच्या गावांतील कित्येक तरुणांनी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले आहेत आणि त्यांची चूल त्यावर पेटते. हे खरे आहे. म्हणूनच सरसकट बंदीची घोषणा सोपी असली, तरी ती उत्तर ठरत नाही. बंदीच्या काळात उपसा थांबत नाही. तो रात्री होऊ लागतो आणि रात्रीच्या कामाला हजेरीपट नसतो.

शासनानेही वाटा शोधल्या. २०२३ च्या धोरणात सरकारी आगारातून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचा प्रयोग झाला. २०२५ मध्ये धोरण पुन्हा लिलावाकडे वळले आणि दगडाच्या चुऱ्यापासून बनणाऱ्या कृत्रिम वाळूला प्रोत्साहन देण्यात आले. हा पेच आपल्या परंपरेला नवा नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात खाणींसाठी आकराध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. ज्या खाणीला खर्च आणि खटाटोप फार, ती भागाने किंवा मक्त्याने द्यावी आणि जी सहज चालवता येईल ती राज्याने स्वतः चालवावी, असा त्याचा विवेक आहे. मक्ता असो वा सरकारी काम, खाणीवर राज्याची नजर दोन्ही ठिकाणी गृहीत आहे.

कृत्रिम वाळू स्वागतार्ह आहे. तिच्यामुळे नदीला उसंत मिळेल. परंतु नदीचा भार त्यामुळे डोंगरावर जाईल, हे विसरता कामा नये. ही वाळू खडीच्या यंत्रातून निघते आणि त्या यंत्राशी उभा असलेला मजूर दिवसभर धूळ श्वासात घेतो. पाण्याचा फवारा, यंत्रावर आच्छादन आणि तोंडावर योग्य मुखवटा हे त्यावरचे उपाय साधे आहेत. महाराष्ट्रात दगड फोडणाऱ्या आणि त्याचा चुरा करणाऱ्या कामगाराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. शिरूरच्या वाटेवरील वाघोली परिसरात ‘संतुलन’ संस्थेने दगडखाण कामगारांच्या मुलांसाठी ‘पाषाण शाळा’ चालवल्या. खाणीच्या कडेला वाढणाऱ्या मुलांची नावे प्रथमच एखाद्या हजेरीपटावर आली. समाजातील जागरूक माणसे पुढे आली की काय होऊ शकते, याचा हा जवळचा दाखला होय.

मग शिरूर-दौंडच्या जागरूक नागरिकाने काय करावे? पहिली गोष्ट हजेरीपटाची. ज्या वाळूघाटाला परवानगी आहे, तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि घरच्यांचा संपर्क लिहिलेला पट ग्रामसभेने ठेकेदाराकडून मागावा. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू आहे. ती करून देण्यास दोन सुशिक्षित तरुण आणि एक भ्रमणध्वनी पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाची. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्राची खोली आणि काठच्या विहिरींची पातळी गावाने स्वतः मोजून नोंदवावी. तहसील कार्यालयात भावना घेऊन गेल्यापेक्षा आकडे घेऊन गेलेल्या माणसाला टाळणे कठीण असते.

तिसरी गोष्ट निधीची. २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीने खाणबाधित जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची व्यवस्था झाली आणि गौण खनिजांबाबतचे अधिकार राज्यांना मिळाले. त्या निधीतून नदीकाठच्या गावाला पाणी, आरोग्य आणि रस्ता यांसाठी काय मिळाले, हे विचारणे हा गावाचा हक्क आहे.

चौथी गोष्ट पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाची. घर घेताना संगमरवराचा रंग आणि गच्चीची दिशा विचारली जाते. बांधकामाची वाळू कोठून आली, तिचा वाहतूक परवाना आहे का, हा प्रश्न बांधकाम व्यावसायिकाला सहसा कोणी विचारत नाही. शंभर कुटुंबांनी तो विचारला, तर परवान्याची वाळू मागवणे त्याला भाग पडेल. साखळी धूसर असली, तरी तिचे शेवटचे टोक ग्राहकाच्या हातात आहे.

अज्ञात माणसाची सुरक्षा कोणी घेऊ शकत नाही. उद्या भीमेच्या पात्रात पुन्हा एखादे पथक उतरेल, पुन्हा पंचनामा होईल. त्या कागदावर बोटींची संख्या असेल, वाळूचे ब्रास असतील. त्यांच्या वर, पहिल्या ओळीत, तेथे राबणाऱ्या माणसांची नावे असावीत आणि प्रत्येक नावापुढे ‘सुखरूप’ असा शेरा असावा. शिरूर-दौंडच्या सज्जनशक्तीने एवढे घडवून आणले, तरी मोठ्या कंपन्यांच्या अहवालांतील ती तीन वचने भीमाकाठी खरी होऊ लागली असे म्हणता येईल.