मलमाआधी पाणी



भाजणे हा जसा आमच्या युनियनचा प्रश्न आहे, तसाच तो प्रत्येक चुलीचाही आहे. आपल्या भोकरदन भागातली माणसे जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लाल सळईशेजारी उभी राहतात आणि घरी आयाबहिणी उकळत्या भांड्याशेजारी. दोन्हीकडे चटका बसला, की हात आधी जातो तो हळदीकडे, कोरफडीकडे, नाहीतर मलमाच्या डबीकडे.

या औषधींची आम्ही थट्टा करीत नाही. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. एकाला मध, दुसऱ्याला सिल्व्हर सल्फाडायझीन लावले. मधाच्या जखमा लवकर भरल्या, असे त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली. ती स्वस्त आणि करायला सोपी ठरली. मात्र ते पान निर्जंतुक केलेले होते, हे विसरू नये.

हळदीचेच पाहा. जखम भरण्याच्या तिच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने पुरावे मांडले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आम्हांला त्याचा अभिमान आहे. पण हे ज्ञान जुने आहे, एवढाच तो निकाल होता. ताज्या भाजल्यावर हळद भरा, असा नव्हे.

कारण ज्वाला विझली तरी कातडीतली धग आत उतरतच असते. तिला थांबवते ते पाणी. वीस मिनिटे वाहते गार पाणी, बर्फ नको. उन्हाळ्यात आपल्याकडे नळ कोरडा असतो. अशा वेळी गार पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके पुनःपुन्हा बदलावे. आधीच लेप थापला, तर जखमेत घाण जाते आणि ती किती खोल आहे हे डॉक्टरला दिसत नाही. पांढरी पडलेली, न दुखणारी जखम हलकी समजू नका. तीच खोल असते. तोंड, सांधा, विजेचा किंवा रसायनाचा चटका, तळहाताहून मोठी जखम, यांना दवाखानाच हवा. गार झालेल्या, न फुटलेल्या, लहानशा चटक्यावर कोरफडीचे स्वच्छ मलम खुशाल लावा. तिथे त्याची जागा आहे.

आता कामगार बंधूंना एक शब्द. दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने लिहून ठेवले. पण पेटीत मलमाची डबी ठेवली म्हणजे मालकाची जबाबदारी सरली, असे होत नाही. भट्टीजवळ नळ आहे का? त्याला पाणी येते का? दवाखान्यात न्यायला गाडी आहे का? पुढच्या मागणीपत्रात हे तीन प्रश्न पगाराच्या कलमाशेजारी लिहा. झाडपाला आपल्या परसात आहे. पाणी मात्र मागून घ्यावे लागेल.